हिमवृष्टीचा शनिवार

महाराष्ट्रांतील माणसाला निसर्गानें दिलेली सक्तीची सुटी म्हणजे पावसाची झड. आषाढांत कोंकणांत एकदां झड लागली, म्हणजे चार-चार दिवस सूर्यदर्शन होत नाहीं, पऱ्ह्यांना पाणी येतें, वाटा बंद पडतात, आणि घरांतील माणसें ओटीवर नाहीं तर माजघरांत एकत्र जमतात. कोणी सोंगट्यांचा पट मांडतो, कोणी चुलीपाशीं बसून भाजलेल्या आठळ्या सोलतो. हें रिकामपण कोणीं मागितलेलें नसतें. तें आभाळांतून येतें. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील शहरांत हेंच काम बर्फ करतें. परंतु दोहोंत दोन मोठे भेद आहेत. झड कौलांवर आवाज करीत येते आणि बर्फ मुकाट्यानें उतरतें, हा पहिला. दुसरा भेद माणसांचा. झडीनें घरांत कोंडलेलें असतें तें एक कुटुंब. त्या शहरांत बर्फानें कोंडलेले असतात ते पुष्कळदां एकमेकांचे कोणीच नसलेले, केवळ भाडें वांटून घेणारे सोबती. अशा सोबत्यांचा बर्फांतला आळसावलेला दिवस कसा जातो, तो शक्य कशामुळें होतो, आणि त्याची किंमत कोण भरतो, हें पाहण्याजोगें आहे.

उदाहरणादाखल न्यूयॉर्क शहरांतील २३ जानेवारी २०१६ चा शनिवार घ्यावा. शुक्रवारीं रात्रीं उशिरा बर्फ पडूं लागलें आणि तें शनिवारीं रात्रीं उशिरापर्यंत पडत राहिलें. शहराच्या मध्यावरील सेंट्रल पार्क या उद्यानांत तें २७.५ इंच भरलें. तेथें १८६९ सालापासून हिमवृष्टीची नोंद ठेवली जाते. तोंवरच्या सर्व नोंदींत एवढें मोठें वादळ दुसरें नव्हतें. दुपारीं अडीच वाजतां रस्त्यांवरील वाहनांस बंदी झाली. चार वाजतां भुयारी रेल्वेचे जे मार्ग उघड्यावरून जातात ते थांबविण्यांत आले. नाटकगृहांनीं खेळ रद्द केले. ही बंदी उठली ती रविवारीं सकाळीं सात वाजतां. ऐंशी लाखांहून अधिक वस्तीचें, रात्रीं देखील न झोपणारें म्हणून मिरविणारें हें शहर, असें एका सरकारी हुकुमानें घरीं बसलें.

याच शहराचा क्वीन्स नांवाचा एक विभाग आहे, आणि त्यांत जॅक्सन हाइट्स नांवाची वस्ती आहे. १९१० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथें विटांच्या पांच-सहा मजली इमारती उठल्या. त्यांपैकीं अनेकींची रचना अशी कीं, चहूंबाजूंनीं घरें आणि मध्यें सर्वांची मिळून एक बाग. जवळच्या रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर पोलादी खांबांचा एक लांबच लांब पूल उभारलेला असून त्यावरून सात क्रमांकाची आगगाडी १९१७ सालापासून धांवते. ७४ व्या रस्त्यावर भारतीय वाण्यांचीं दुकानें आहेत. तेथें तूरडाळ, पोहे आणि हिंगाची डबी मिळते. आसपास कोलंबिया, इक्वेडोर, नेपाळ, तिबेट, बांगलादेश अशा दूरदूरच्या देशांतून आलेल्यांचीं बिऱ्हाडें आहेत. शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं न्यूयॉर्कास आलेला मराठी तरुणही डाळ-तांदूळ घेण्याच्या निमित्तानें या भागांत येतो, आणि कधीं कधीं तेथेंच राहतो.

तो राहतो तो बहुधा एकटा नव्हे. घरभाडें एवढें असतें कीं एकट्याची मिळकत त्यास पुरत नाहीं. म्हणून तिघे-चौघे मिळून एक घर घेतात. प्रत्येकाची निजण्याची खोली वेगळी. स्वयंपाकघर, न्हाणीघर व बसावयाची खोली सामायिक. शीतकपाटाच्या फळ्या वांटून घेतलेल्या, दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर मालकाचें नांव लिहिलेलें, आणि भांडीं कोणीं केव्हां घासावीं याचा कागद भिंतीला चिकटविलेला, असा हा संसार असतो. एक जण रुग्णालयांत रात्रपाळीला, दुसरा सकाळीं कचेरींत, तिसरा मध्यरात्रीपर्यंत ग्रंथालयांत. त्यामुळें एका छपराखालीं राहूनही त्यांची गांठ पडते ती दारांत, जातां-येतां.

मराठी वाचकाला हा प्रकार अगदींच परका नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत एका गाळ्यांत दहा-पंधरा कामगार पाळीपाळीनें राहत. दिवसपाळीचा मनुष्य उठून गेला कीं रात्रपाळीचा त्याच जागीं आपली वळकटी सोडी. परंतु त्या गाळ्यांतील माणसें पुष्कळदां एकाच गांवचीं किंवा एकाच तालुक्यांतलीं असत. त्यांना जोडणारें नातें गांवाकडून आलेलें असे. न्यूयॉर्कच्या भाडेकरूंना जोडणारा धागा म्हणजे करारपत्रावरील सह्या. तेव्हां त्यांच्यांत घरपण यावयाचें, तर त्यासाठीं लागणारी गोष्ट एकच, आणि तीच त्या शहरांत सर्वांत दुर्मिळ: एकाच वेळीं सर्वांजवळ असलेला मोकळा वेळ. बर्फाचा शनिवार ही गोष्ट देतो.

अशा दिवशीं सकाळीं जाग येते ती शांततेनें. या शांततेला शास्त्रीय कारण आहे. ताजें बर्फ दिसावयास भरीव दिसलें, तरी त्याचा बहुतेक भाग हवेचा असतो. साधारणतः दहा इंच ताजें बर्फ वितळविलें तर पाणी निघतें इंचभर. हिमकणांच्या नक्षीदार पाकळ्या एकमेकींवर सैल पडतात आणि त्यांच्यामध्यें असंख्य पोकळ्या राहतात. ध्वनीच्या लहरी या पोकळ्यांत शिरतात आणि तेथेंच विरून जातात. डांबरी रस्ता आवाज परतवितो. बर्फाचा थर, कापसाच्या गादीप्रमाणें, तो गिळून टाकतो. पुढें दोन-तीन दिवसांनीं तेंच बर्फ दबून घट्ट झालें, वर गोठून कठीण कवच आलें, कीं हा गुण नाहींसा होतो. जॅक्सन हाइट्सच्या रहिवाशांना त्या शनिवारीं ही शांतता दुप्पट जाणवली असली पाहिजे. कारण बर्फानें आधीं मोटारींचा आवाज बुडविला, आणि चार वाजतां पुलावरची आगगाडीही थांबली. जिच्या खडखडाटाची संवय होऊन कानांनीं तिची दखल घेणें सोडलें होतें, ती गाडी थांबल्यावर ऐकूं येऊं लागली, असें म्हटलें तर तें चुकीचें होणार नाहीं.

बाहेर पाणी गोठत असतांना घरांत मात्र अंगांतील लोंकरी सदरा काढून ठेवावा लागतो. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत तळघरांतील बंबांत वाफ तयार करून ती नळांवाटे वरच्या मजल्यांवर चढवितात. प्रत्येक खोलींत, बहुधा खिडकीखालीं, बिडाचा एक पन्हळीदार सांगाडा असतो. त्यास रेडिएटर म्हणतात. वाफ त्यांत शिरली कीं त्याच्या झडपेंतून फुसफुस ऐकूं येते, आणि थंड होऊन परतणारें पाणी वाटेंत साचलें व वाफेनें त्याला ढकललें, कीं नळांतून हातोड्याचे घाव बसल्यासारखा आवाज होतो. घर उबदार ठेवणें हें तेथें घरमालकाच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळांत, दिवसा बाहेरचें उष्णतामान ५५ अंश फॅरेनहाइटच्या खालीं गेलें तर आंतलें निदान ६८ अंश, म्हणजे २० अंश सेल्सिअस, राखलेंच पाहिजे असा शहराचा नियम आहे. तथापि वाफेला मोजमाप कळत नाहीं. पुष्कळ घरें इतकीं तापतात कीं भर हिमवृष्टींत लोक खिडकी वीतभर उघडी ठेवतात. या रेडिएटरवर ओले हातमोजे वाळत घातलेले आणि त्याच्याजवळ सारे सोबती चहाचे पेले घेऊन बसलेले, हें अशा दिवसाचें नेहमींचें दृश्य होय.

मग येतें स्वयंपाकघर. वादळाची सूचना मिळतांच आदल्या संध्याकाळीं दुकानांत झुंबड उडते, आणि पाव, दूध व अंडीं यांचीं फडताळें पहिल्यांदा रिकामीं होतात. प्रत्येक जण आपापल्यापुरतें आणतो. परंतु शनिवारीं दुपारपर्यंत शीतकपाटांतील सीमा आपोआप पुसट होऊं लागतात. एकाचे कांदे असतात पण पीठ नसतें. दुसऱ्याचें पीठ असतें पण तेल संपलेलें असतें. चौघांच्या अपुऱ्या सामानांतून एक पुरें जेवण निघतें. मराठी सोबती असला तर कांदाभजीं होतात, कारण बाहेर पाऊस नसला तरी आभाळ भरून आल्यावर भजीं तळावीं हा संस्कार समुद्र ओलांडूनही सुटत नाहीं. कोलंबियाचा असला तर तो मक्याच्या पिठाच्या जाड भाकऱ्या करतो. त्यांना आरेपा म्हणतात. नेपाळची असली तर मोमोच्या पाऱ्या लाटते, आणि उकडीच्या मोदकाला कळ्या पाडण्याची ज्याला संवय आहे त्याचा हात तेथें चांगला चालतो. एरवीं वर्षभर ‘हें दूध माझें’ म्हणणारीं माणसें एकाच परातीभोवतीं उभीं राहतात, हा या दिवसाचा खरा लाभ.

दुपार मात्र लांबते, आणि येथें खेळ उपयोगी पडतात. पत्ते आहेतच, पण या वस्तींत शोभणारा खेळ म्हणजे स्क्रॅबल. चौकटींच्या पटावर अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द जुळविण्याचा हा खेळ आल्फ्रेड बट्स नांवाच्या गृहस्थांनीं रचला, आणि ते राहत होते याच जॅक्सन हाइट्समध्यें. ते व्यवसायानें वास्तुशिल्पी होते. १९२९ नंतर अमेरिकेंत महामंदी आली, बांधकामें थांबलीं, आणि त्यांची नोकरी गेली. हातीं आलेल्या त्या नको असलेल्या रिकाम्या वेळांत त्यांनीं वर्तमानपत्रांचीं पहिलीं पानें घेऊन कोणतें अक्षर किती वेळां येतें याची मोजदाद केली. वारंवार येणाऱ्या अक्षराला कमी गुण आणि क्वचित् येणाऱ्याला अधिक, हें तत्त्व त्यांतून निघालें. शंभर सोंगट्यांत ‘ई’ बारा आहेत, पण ‘एस्’ मुद्दाम चारच ठेवले. कारण इंग्रजींत शेवटीं तेवढें अक्षर जोडून अनेकवचन करणें फार सोपें झालें असतें. १९४८ सालीं जेम्स ब्रूनो यांनीं या खेळाला आजचें नांव दिलें, आणि पुढील दहा वर्षांच्या आंत तो घरोघर पोहोंचला. ३५ वा अ‍ॅव्हेन्यू आणि ८१ वा रस्ता यांच्या कोपऱ्यावरील पाटीवर रस्त्याच्या नांवांतील अक्षरांखालीं त्यांचे गुण लिहून या इतिहासाची आठवण ठेवली आहे. एका बेकार मनुष्याच्या रिकामपणांतून निघालेली वस्तु लाखो लोकांच्या रिकाम्या दुपारी भरून काढते, यांत समजण्यासारखें पुष्कळ आहे.

दिवसभर सारेंच गोड चालतें असें मात्र नाहीं. चार माणसें, एक न्हाणीघर आणि बंद दार, एवढें साहित्य भांडणाला पुरेसें असतें. एकाला गाणें लावावयाचें असतें, दुसऱ्याला निजावयाचें असतें. जी घागर सहा महिने कोणीं विसळली नाहीं तिचा हिशेब नेमका त्या दिवशीं निघतो. परंतु यांतही एक हित आहे. दारांत ओझरतें भेटणाऱ्यांना भांडावयासही सवड नसते. त्यांच्या तक्रारी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिल्या जातात व मनांत आंबतात. समोरासमोर निघालेली तक्रार बहुधा संध्याकाळच्या चहापर्यंत मिटते, कारण बाहेर निघून जावयाला वाटच नसते. आणि तक्रारीपेक्षांही शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे एकत्र राहून न बोलणें. एक जण वाचीत आहे, एक शिवीत आहे, एक खिडकींतून पाहत आहे, आणि कोणाच्याही मौनाचा कोणाला भार होत नाहीं, ही अवस्था आली म्हणजे सोबती खरे घरचे झाले असें समजावें.

येथपर्यंत हा दिवस आभाळानें दिलेला वाटतो. परंतु इतिहास पाहतां तसें नाहीं. १२ मार्च १८८८ रोजीं याच शहरावर असेंच वादळ आलें होतें. आदल्या दिवशीं, रविवारीं, पाऊस होता. मध्यरात्रीनंतर त्याचें बर्फ झालें. बर्फ पडलें २१ इंच, म्हणजे २०१६ पेक्षां कमीच. पण सोसाट्याच्या वाऱ्यानें त्याचे ढीग कांहीं ठिकाणीं मजलाभर उंच चढले. वादळाची आगाऊ सूचना मिळालेली नव्हती, आणि घरीं बसा असें सांगणारेंही कोणी नव्हतें. दिवस सोमवारचा. न गेल्यास मजुरी बुडेल, कदाचित् कामही जाईल, या भीतीनें हजारों लोक बाहेर पडले. पुलांवरच्या आगगाड्या मध्येंच अडकल्या, आणि शिड्या आणून उतारूंना खालीं उतरविण्याचे पैसे घेणारे लोकही निघाले. माजी सिनेटर रॉस्को कॉंकलिंग हे आपल्या कचेरींतून त्या वादळांत पायीं निघाले, वाटेंत कोसळले, आणि पुढें एप्रिलमध्यें त्यांत वारले. पूर्व किनाऱ्यावर मिळून सुमारें ४०० माणसें दगावलीं. त्यांतील निम्मीं एकट्या न्यूयॉर्क शहरांतलीं असें मानतात. वाऱ्यानें तुटून पडलेल्या तारा पुढें जमिनीखालीं पुरण्यांत आल्या, आणि भुयारी रेल्वेच्या कल्पनेला जोर आला. ती १९०४ सालीं सुरू झाली.

१८८८ चा सोमवार आणि २०१६ चा शनिवार यांच्यांतील अंतर बर्फाच्या इंचांत मोजतां येत नाहीं. मधल्या काळांत हवामानाचें शास्त्र वाढलें, आणि त्याच्या इतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे विश्रांतीचा हक्क कायद्यांत आला. अमेरिकेंत १९३८ च्या कायद्यानें आठवड्याच्या कामाचे तास क्रमाक्रमानें चाळिसांवर आणले आणि त्याहून अधिक कामाला दीडपट मजुरी ठरविली. त्यामुळें शनिवार-रविवारची जोडसुटी रूढ झाली. मुंबईच्या गिरणीकामगारांना तर रविवारची एक सुटी मिळविण्यासाठीं झगडावें लागलें होतें. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर ती १० जून १८९० रोजीं मान्य झाली. गाळ्यांतील पाळीवाल्यांनीं सगळ्यांनीं मिळून एकत्र जेवावें, असा दिवस त्यांना तेव्हां मिळाला. म्हणून लोळत काढलेल्या सुटीच्या दिवसाला नुसता आळस म्हणणें हा त्या खटपटीचा विसर होय.

आणि आजही तो दिवस सर्वांना मिळत नाहीं. त्या शनिवारीं शहराच्या सफाईखात्याचे कामगार कचऱ्याच्या गाड्यांना पुढें लोखंडी फाळ लावून बारा-बारा तासांच्या पाळ्यांनीं बर्फ सारीत होते. रुग्णालयांतील परिचारिका आदल्या पाळीनंतर तेथेंच मुक्काम करतात, कारण दुसरी कामावर पोहोंचेल याची शाश्वती नसते. रोजंदारीच्या माणसाला बंद दुकान म्हणजे विसावा नव्हे, बुडालेला रोज. तळघरांतील बंब पेटता ठेवणारा इमारतीचा रखवालदार पहाटेपासून पायऱ्या मोकळ्या करीत असतो. बर्फ उपसतांना हृदय बंद पडून या वादळांत कित्येक माणसें मेलीं. शेजारच्या न्यू जर्सींतील पसेइक या गांवीं तर एक तरुण आई आपल्या मुलांसह मोटार चालू करून उबेसाठीं आंत बसली होती; धुराची नळी बर्फानें बुजली होती, विषारी वायु आंत कोंडला, आणि बाहेर बर्फ उपसणाऱ्या बापाला तें कळलेंही नाहीं. आई आणि तिचीं मुलें दगावलीं. अशा वेळीं घरीं स्वस्थ बसणें हें निव्वळ सुख नसून एक मदत असते. रस्त्यांत अडकलेली एक मोटार फाळाच्या गाडीला अडवून धरते, आणि तिच्यामागें रुग्णवाहिका थांबते. वाहनबंदीचा हेतु हाच होता.

रविवारीं न्यूयॉर्कवर स्वच्छ ऊन पडलें. इमारतीपुढील पदपथ मोकळा करणें तेथें मालकावर कायद्यानें बंधनकारक आहे. रात्रीं नऊनंतर बर्फ थांबलें, तर दुसऱ्या दिवशीं अकरापर्यंत काम उरकावें लागतें. क्वीन्समधील पुष्कळसे लहान रस्ते सोमवारींही नीट मोकळे झालेले नव्हते, आणि तेथील लोकांनीं त्याबद्दल उघड नाराजी दाखविली. अशा वेळीं आदला दिवस घरांत बसून काढलेले सोबती फावडीं घेऊन खालीं उतरतात, रखवालदाराला हात देतात, आणि वरच्या मजल्यावरील वृद्ध शेजारणीला दूध हवें का, असें विचारून येतात. काल ज्यांनीं एका परातींत पीठ मळलें, त्यांना आज हें काम वांटून घ्यावयास कागदी तक्ता लागत नाहीं.

आळस आणि विसावा यांत फरक आहे तो एवढाच. आळस आपलें काम दुसऱ्यावर टाकतो. विसावा आपल्याला दुसऱ्याच्या कामाची आठवण ठेवण्याइतकी फुरसत देतो. सोमवारीं गाडी पुन्हां पुलावरून धडधडत जाते, चौघे चार वाटांनीं पांगतात, आणि नव्या दुधाच्या डब्यांवर पुन्हां नांवें लिहिलीं जातात. परंतु त्यांतला एखादा डबा बिननांवाचा राहतो, आणि तो कोणाचा म्हणून कोणी विचारीत नाहीं.